रानमक्याचं मूळ

मक्यात काहीतरी भलतंच उगवलंय, येऊन बघून जा, एवढंच ओरेन्सिओ फोनवर म्हणाला होता. एउलालिया बाइलो संध्याकाळी येते म्हणाली आणि दुपारीच निघाली. वाल्देलोमा तिचंच गाव. आता ती सारागोसाला राहायची, तिथल्या एका कृषी संशोधन केंद्रात तणांवर काम करायची, पण गावात तिला डॉक्टर-बिक्टर कुणी म्हणत नसे. लहानपणीची लाली ती अजून सगळ्यांची लालीच होती. वडील गेल्यावर तिनं घर विकलं, तरी गावात आली की जेवण ओरेन्सिओ एस्कार्तिनकडे, हे ठरलेलं. ओरेन्सिओ तिच्या वडिलांचा जिवाभावाचा मित्र. सत्तरी ओलांडलेला, बायको गेलेली, मूलबाळ नाही. जमीन, बेनिताच्या बारमधला पत्त्यांचा डाव आणि माडीवरची कबुतरं, एवढाच त्याचा संसार.

मका डोक्यावर गेला होता. कालव्याच्या बाजूनं ट्रॅक्टर जिथून रानात शिरतो, त्या कोपऱ्यात ओरेन्सिओ टोपीनं वारा घेत उभा होता.

"हे बघ. मका म्हणावा तर मका नाही. एका बुडातून केरसुणीसारखे फुटवे. आणि कणीस बघ, उंदराच्या शेपटीएवढं. थट्टा चाललीय माझी."

लालीनं ते कणीस सोललं. आत एकाखाली एक रचलेले तिकोनी दाणे, गारगोटीसारखे कठीण. बोट लागल्याबरोबर सुटे होऊन मातीत पडले.

"रानमका आहे, काका."

"म्हणजे?"

"मक्याचा रानटी पूर्वज. मेक्सिकोकडचा. पुस्तकात त्याला तेओसिन्ते म्हणतात."

"पूर्वज आहे तर पूर्वजासारखं मेक्सिकोत बसावं की. माझ्या रानात कशाला आला?"

"बघावं लागेल," लाली म्हणाली, आणि खाली वाकून गळलेले दाणे वेचायला लागली. मान वर करायची तिची छाती झाली नाही.

कारण हे झाड तिनं आधी पाहिलं होतं. पाहिलं कसलं, लावलं होतं. कालव्याच्या पलीकडे, गावाच्या हद्दीत, केंद्रानं जमिनीचा एक पट्टा भाड्यानं घेतला होता आणि तिथं दोन उन्हाळे तिनं जाळीच्या आत रानमका वाढवला होता. त्या खोऱ्यात खोडकिडा फार. म्हणून बरेच जण बीटी मका लावतात, ज्याच्या जनुकात केलेल्या बदलामुळे किडा खोडात शिरला की मरतो. लालीचा प्रश्न असा होता: उद्या रानमका इकडे आलाच आणि या मक्याशी त्याचा संकर झाला, तर तो किड्याला न जुमानणारं तण होऊन बसेल का? साधं तण मारायला औषधं आहेत. रानमका पडला मक्याचा भाऊबंद. त्याला मारणारं औषध मक्यालाही मारतं. कोवळा असताना तर दोघांतला फरक आईलासुद्धा सांगता येऊ नये असा. म्हणून तो यायच्या आधीच अभ्यास करून ठेवावा, असं तिनं अर्जात लिहिलं होतं आणि रीतसर परवानगी मिळवली होती.

चाचणी नीट पार पडली. शेवटी झाडं कापून झाली, पट्टा नांगरायचा होता आणि नेमका केंद्राचा ट्रॅक्टर बिघडलेला. ओरेन्सिओ आपला घेऊन आला. काम झाल्यावर नांगर आणि चाकं पाण्यानं स्वच्छ धुऊनच यंत्र बाहेर काढायचं, असा नियम होता. लालीनं पाण्याचा पाइप हातात घेतलाही होता.

"राहू दे गं," ओरेन्सिओ वरूनच ओरडला होता. "चिखल काय धुवायचा? परत चिखलातच जायचंय. ससा शिजायला ठेवलाय, करपेल."

ती हसली होती. पाइप गुंडाळून ठेवला होता. ससा सुरेख झाला होता, तेही तिला आठवत होतं.

ओरेन्सिओच्या रानातून परतल्यावर दुसऱ्या दिवशी तिनं हे सगळं केंद्राचे संचालक उबाल्दो साटुए यांना सांगितलं. साटुए मुळात भला माणूस. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"धुतला नाही? अजिबात?"

"नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"ओरेन्सिओकाकांना. पण त्यांच्या ते ध्यानात असेल असं वाटत नाही. त्यांच्या लेखी ती गोष्टच नव्हती."

साटुएंनी बराच वेळ चष्मा पुसला. "नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठव. आपलं बियाणं आणि त्या रानातलं, दोन्ही. निकाल येईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. हे लपवणं नाही, लाली. शंकेला शास्त्रात जागा असते, गावात नसते."

लालीला ते पटलं. पटण्यापेक्षा बरं वाटलं. गप्प बस असं वरच्यानं सांगितलं, की गप्प बसल्याचं ओझं निम्मं त्याच्या डोक्यावर जातं.

पुढं जे व्हायचं ते भराभर झालं. रानमका सापडल्याचं केंद्रानं रीतसर कळवलं आणि कृषी खात्याचा हुकूम आला: उभं पीक आणखी दाणे गळायच्या आत कापून गाडून टाकायचं, आणि पुढची काही वर्षं त्या रानात मका लावायचा नाही. ओरेन्सिओ बांधावर उभा राहून हिरवा मका आडवा होताना बघत होता. लाली शेजारी होती. तो एकदाच बोलला, "सगळ्यांच्या आधी मीच फोन केला ना तुला? मग शिक्षा मलाच कशी?"

गावाला आता एकच विषय होता. बेनिताच्या बारमध्ये दुपारच्या कॉफीला सगळे जमायचे. गाउदेन्सिओ हा सोसायटीचा अध्यक्ष. गिन्योतेच्या, म्हणजे पत्त्यांच्या डावात तो आणि ओरेन्सिओ तरुणपणापासूनचे जोडीदार. समोरासमोर बसून नुसत्या भुवईवर एकमेकांचे पत्ते ओळखणारे. त्या दिवशी लाली कोपऱ्यातल्या टेबलाशी होती. पत्ते पडलेले होते, कुणी उचलत नव्हतं.

"कबुतरांचा दाणा, दुसरं काय!" गाउदेन्सिओ म्हणाला. "कुठल्या कुठल्या मुलखातून येतात ती पोती. पाखरं खातात, हगतात, आणि हा ते खत म्हणून रानात पसरतो. ते उगवलं तो कोपरापण तोच."

"माझी पाखरं आयुष्यभर हगतायत, गाउदेन्सिओ," ओरेन्सिओ म्हणाला. "तुझ्या टोपीवरपण हगलीत. टोपीतून काही उगवलं का?"

लोक हसले. गाउदेन्सिओ हसला नाही. "तेव्हा दाणा इथल्या गिरणीतला असायचा."

"अमेरिकेत म्हणे असा मका काढलाय," दुसरा एक जण म्हणाला, "की वरून तणनाशक मारलं तरी मका ताठ उभा, आणि बाकी सगळं खलास."

"इथं त्याला परवानगी नाही."

"खरंय. इथं फक्त तणालाच परवानगी आहे."

पुन्हा हशा झाला. मग गाउदेन्सिओ आवाज उतरवून म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नकोस, ओरेन्सिओ, पण सोसायटीचं हार्वेस्टर यंदा तुझ्या रानात येणार नाही. तुझ्या त्या दुसऱ्या, वरच्या रानातसुद्धा नाही. बाकीच्यांचाही विचार करायला लागतो मला."

ओरेन्सिओनं टेबलावरचे आपले पत्ते नीट जुळवले, गठ्ठ्यावर ठेवले आणि उठला. लाली बाहेर पडली तेव्हा तो तिच्या गाडीपाशी उभा होता.

"लाली, तू शिकलेली आहेस, त्यातलं तुला कळतं. खरं सांग. माझ्या पाखरांच्या दाण्यातून आलं असेल हे?"

नाही, असं तिला वाटत होतं. तिला नांगर दिसत होता, पाइप दिसत होता. "मला तर माझीच शंका आहे, काका," एवढे शब्द पुरले असते. ते जिभेपर्यंत आलेही.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे असू शकतं?"

"असू शकतं."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सारागोसापर्यंत गाडी चालवताना ती स्वतःला हेच बजावत होती.

पुढच्या आठवड्यात ती आसपासची रानं तपासायला आली. ओरेन्सिओच्या दाराशी गाडी थांबवली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लगेच कळेना. मग लक्षात आलं, आवाज नव्हता. त्या घरावर सदैव घुमण्याचा, पंखांच्या फडफडीचा आवाज असायचा. ओरेन्सिओ आपल्या नरांच्या पंखांना रंग लावायचा, पिवळा, जांभळा, केशरी, म्हणजे लांबून उडताना कोण कोण ते ओळखता यावं. गावातली पोरं त्या रंगांवरूनच रंग शिकली होती, लालीसुद्धा.

ती माडीवर गेली. खुराड्यांची दारं सताड उघडी होती आणि ओरेन्सिओ भिंतींना चुना लावत होता.

"कुठं आहेत?" तिनं विचारलं.

"पुरली." त्यानं ब्रश थांबवला नाही. "एकेकाची मान मीच मुरगाळली. दुसऱ्या कुणाला सांगणार?"

"काका! कुणाला तरी देऊन टाकायची होती..."

"कुणाला देऊ? त्यांच्या पोटात ते दाणे असले तर? दुसऱ्याच्या रानात पाठवू?" मग तो वळला. डोळे चुन्यानं लाल झाले होते, की कशानं, कोण जाणे. "तू म्हणालीस ना, असू शकतं म्हणून. दुसरा कुणी म्हणाला असता तर मी ऐकलं नसतं."

लालीनं तोंड उघडलं. इथं तरी बोलायला हवं होतं. पण आता बोलायचं म्हणजे नुसती शंका सांगणं राहिलं नव्हतं. मेलेल्या पाखरांचा हिशेब द्यावा लागणार होता. एका आठवड्यात ते शब्द इतके जड झाले होते, की तिला उचलेनात.

"काका..." ती म्हणाली.

"जेवून जा," तो म्हणाला. "मसुराची आमटी आहे."

आणि ती जेवली. नंतर कधीही ही गोष्ट सांगताना ती इथं अडखळायची. कबुतरांपाशी नाही, आमटीपाशी. वाढलेलं सगळं तिनं संपवलं होतं, आणि त्यानं आणखी हवं का विचारलं तेव्हा हो म्हणाली होती.

हिवाळाभर ओरेन्सिओ बारमध्ये गेला नाही. गाउदेन्सिओच्या समोर त्याचा मेहुणा बसायला लागला. वरच्या रानातला मका ओरेन्सिओनं शेजारच्या गावातून एक जुनाट यंत्र आणून कसाबसा कापला. लाली यायची, रानं बघायची, नकाशावर खुणा करायची. त्याच्या घरी जाणं मात्र तिनं कमी केलं. काम फार आहे, असं सांगायची. तो म्हणायचा, असू दे, तब्येत सांभाळ. तिला ते चाबकासारखं लागायचं.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा ती गाडीत होती. तिनं गाडी कडेला घेतली. सिएर्सो वारा इतका सुटला होता की गाडी हलत होती.

"जुळत नाही," पलीकडची बाई म्हणाली. "तुमचं बियाणं डोंगराळ भागातल्या जातीचं, रानातलं अगदी वेगळं. काही संबंध नाही. उलट वरच्या अंगाच्या गावांतून आलेले नमुने याच्याशी तंतोतंत जुळतात. तिकडे तर हा बऱ्याच वर्षांपासून असणार, कुणी ओळखला नाही एवढंच. बहुतेक कापणीच्या यंत्रांबरोबर हळूहळू खाली आला असेल. पण ते सिद्ध नाही करता यायचं."

लाली मोठ्यानं हसली. एकटीच, गाडीत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून तिनं बटाट्याच्या ऑम्लेटचा भला मोठा पाव घेतला आणि उभ्या उभ्या खायला लागली. कित्येक महिन्यांत तिला अशी भूक लागली नव्हती. आपण केलेलं नाही. आपलं नव्हतंच. साटुए बरोबर होते, थांबलो ते बरंच केलं. आता पहिल्यांदा काकांना सांगायचं: तुमचंही नव्हतं, काका, तुमची पाखरं...

तिनं हातातला पाव खाली ठेवला.

आपण सुटलो म्हणून आपल्याला आनंद झाला, आणि तो म्हातारा सुटला हे आपल्याला दुसऱ्यांदा सुचलं. तेही पाव अर्धा संपल्यावर. शेंगदाणे घ्यायला आलेल्या एका ट्रकवाल्यानं तिला विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, नाही.

ती तशीच वाल्देलोमाला गेली. ओरेन्सिओ स्वयंपाकघरात लसूण सोलत होता. तिनं कोटही न काढता सगळं सांगितलं: निकाल, वरची गावं, आणि मग नांगर, पाइप, साटुएंचं बोलणं, गाडीपाशी त्यानं विचारलेलं आणि आपण दिलेलं उत्तर. तो लसूण सोलत राहिला, लागणार होता त्याच्या कितीतरी जास्त.

"म्हणजे तुला तेव्हा वाटत होतं की ते तुझ्यामुळे झालंय," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आणि मला वाटत होतं माझ्यामुळे झालंय."

"हो."

"मग सांगितलं असतंस तर दोघं मिळून घाबरलो असतो की, पोरी." तो चिडून बोलला असता तर तिला सोसलं असतं. तो चिडला नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हतं. "नांगर न धुण्यात मीपण होतो. मीच नको म्हटलं. इथं बसून दोघांनी डोकं धरलं असतं. एकट्याला कशाला ठेवलंस मला?"

लाली रडायला लागली तसा त्यानं हात वर केला. "ते नको. रडून माझं काही होत नाही. आणि मला एकट्याला सांगूनही काही होत नाही. गावात सांग."

"सांगते. तुमच्या दाण्याचा संबंध नाही, हे सांगते."

"अर्धं नको. सगळं सांग."

पेरणीआधीची सभा एप्रिलमध्ये सोसायटीच्या दालनात भरली. साटुए स्वतः आले होते. लालीनं रानमका कसा ओळखायचा याचे फोटो दाखवायचे, एवढं ठरलं होतं. फोटो संपल्यावर ती खाली बसली नाही.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात मला शंका होती, की हे तण माझ्या चाचणीच्या पट्ट्यातून आलं. मी तिथला नांगर न धुता जाऊ दिला होता. ही शंका मी गावात कुणालाच सांगितली नाही. ओरेन्सिओकाकांनी तोंडावर विचारलं तेव्हासुद्धा नाही. तुम्ही त्यांना बोल लावत होतात तेव्हा मी तिथंच कॉफी पीत बसले होते. आता तपासणीत ते बियाणं वेगळं निघालंय, माझंही नाही आणि त्यांच्या पाखरांचंही नाही. पण तेव्हा हे मला माहीत नव्हतं."

मग मागून आवाज आला, "थांबा. म्हणजे तुम्ही आमच्या कालव्याकाठी हे तण मुद्दाम लावलं होतं?"

"जाळीच्या आत. परवानगीनं."

"जाळी! सिएर्सो सुटला की इथं छपरं उडतात, आणि म्हणे जाळी!"

"तपासणी कुणी केली? तुमच्याच लोकांनी ना?"

"बाहेरच्या प्रयोगशाळेनं. वरच्या गावांत हे आधीपासून आहे. तिकडून यंत्रांबरोबर आलं असावं."

गाउदेन्सिओ उठून उभा राहिला. सोसायटीचं हार्वेस्टर दर हंगामात वरच्या गावांतूनच कापत कापत खाली यायचं, आणि ते कुणी कधी धुतलं होतं हे त्यालाही आठवलं असावं. "आता आमच्या यंत्रावर ढकल," तो म्हणाला. "आधी म्हाताऱ्यावर, आता आमच्यावर. स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस, तेवढं पुरे."

पुढं बोलायची सोय राहिली नाही. ओरेन्सिओ शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसला होता. तो वर बघत नव्हता.

परतताना साटुए गाडीत म्हणाले, "लोकांना दोन गोष्टी एकदम सांगितल्या की सोयीची तेवढी उचलतात. तू काय सांगितलंस असं तुला वाटतं ते मला माहीत आहे. त्यांनी काय ऐकलं तेही मला माहीत आहे." केंद्राचा पट्टा गावानं काढून घेतला. लालीला खोऱ्याच्या कामावरून हलवून ऑलिव्हच्या बागांतल्या तणांवर घातलं. मग शरद ऋतूतल्या एका परिषदेत कुणा पाहुण्यानं तिचं कौतुकही केलं, की खात्री होईपर्यंत संयम राखणं हा शास्त्रज्ञाचा मोठा गुण आहे. तिनं आभार मानले, बाहेर गेली आणि हात धुतले.

पण ते नंतर. त्याआधी जूनमध्ये ओरेन्सिओच्या रानातली, मक्याऐवजी लावलेली बार्ली कापून झाली. धसकटांत तुषार सिंचनाचं पाणी पडलं की रानमक्याचे जुने गळलेले दाणे उगवतात, आणि ती रोपं फुटवे धरायच्या आत उपटावी लागतात. लाली रविवारी आपल्या वेळेत यायची, गावात न शिरता कालव्याच्या रस्त्यानं थेट रानात. ओरेन्सिओला तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं मना केलं नव्हतं. दोघं रानाच्या दोन टोकांना वाकून काम करायची. सभेनंतर ती एकमेकांशी बोलली नव्हती.

त्या रविवारी तो आपली ओळ सोडून तिच्याकडे चालत आला.

"गाउदेन्सिओनं मला परत डावाला बोलावलं," तो म्हणाला. "सभेच्या दुसऱ्याच दिवशी. समोर येऊन बसला, पत्ते वाटले. माफी वगैरे काही नाही. पण बसला."

"बरं झालं, काका."

"बरं कसलं? रोज तुझा विषय निघतो. बाइलोच्या पोरीनं गावाचं वाटोळं केलं, म्हणतात. मला माहीत आहे तसं नाही. तुझ्यावर माझा विश्वास आहे त्या बाबतीत. वाक्य तयार असतं तोंडात. आणि मी हुकूम टाकतो, डाव ओढतो." त्यानं हातातली मुळं झटकली. "हिवाळाभर भिंतीकडे बघून जेवलो मी, लाली. आता समोर माणूस बसलाय. बोललो तर उठून जाईल, असं वाटतं. काय सोपं असतं गं, गप्प बसणं! काही करावंच लागत नाही."

"राहू दे. माझ्यासाठी बोलू नका."

"तुझ्यासाठी नाही."

पुढच्या रविवारी तिनं विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. त्यानं डाव मध्येच थांबवून सांगितलं होतं, की ही पोर खोटं बोलत नाही, आणि हार्वेस्टर यंदा माझ्या रानात यायच्या आधी धुऊन आणा. काहींनी मान हलवली. काहींना ते पटलं नाही. गाउदेन्सिओनं विचारलं, एवढंच होतं तर दोन महिने गप्प का होतास?

"मग काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पत्ते पिसायला लागलो."

"मी तुम्हाला दोष देत नाही, काका," लाली म्हणाली. हे ती मनापासून म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिला कळलं, की हेच वाक्य आपल्याला त्याच्याकडून हवं आहे. गेल्या फेब्रुवारीपासून, त्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यापासून हवं आहे.

ओरेन्सिओलाही ते कळलं असावं. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं.

"माझं अजून तसं होत नाही," तो म्हणाला. "सकाळी उठलो की कान माडीकडे जातात. मग तू आठवतेस. ते जाईल, न जाईल. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

"नका बोलू."

"पण रानात येत जा."

"येते."

तो आपल्या टोकाकडे गेला. लाली खाली वाकली. धसकटांत एक रोप होतं, दोन पानांवरचं, कोवळं हिरवं. तिनं ते बुडाशी धरलं आणि मूळ तुटू न देता हळूहळू वर ओढलं.